फाइल बंद होत नाही

"हाई कोन भरी?" असं म्हणत ती पेनाच्या टोपणानं पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीवर टकटक करायची. चिडली की तिच्या तोंडी घरची अहिराणी यायची. सचिन या गुजराती गावातल्या डाइंग मिलमध्ये आम्ही एकाच खोलीत बसायचो. ती धरणगावकडची, नवरा कडोदऱ्याला लूमवर.

एक्सेलच्या शीटला तिनं स्वतः मॅक्रो लिहून लावला होता. भरायलाच हवी अशी चौकट रिकामी राहिली, की ती लाल व्हायची आणि फाइल बंद होत नसे. लोकांनी टिंब टाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी टिंब चालेना. मग 'ओके' लिहिलं, तेही चालेना. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांना चहाला कोणी बोलावत नाही.

सांडपाण्याच्या टाकीत सफाईला कोण उतरलं, कधी वर आलं, याचीही एक शीट होती. ती फाइल बंद झाल्याशिवाय टाकीत पाणी सोडायचं नाही, हा नियम तिनं शेठकडून मंजूर करून घेतला होता.

त्या दुपारी सुपरवायझर तणतणत आत आला. "बधा आवी गया, बेन, सगळे वर आले. फाइल बंद करा, पाण्याचा वाल उघडायचाय."

पडद्यावर एक चौकट लाल होती. परभणीचा माधव. वर आल्याची वेळ नाही.

"कंई पण लखी नाखो ने, काहीही लिहा! मशीन उभी आहेत."

"माधव कुठंय?"

"जेवायला गेला असेल."

"असेल नको. माणूस दाखवा, मग भरते."

त्यानं कीबोर्डकडे हात नेला. तिनं दोन्ही पंजे त्यावर ठेवले. "हात नका लावू, साहेब." मग मला म्हणाली, "त्याला फोन लावा."

मी लावला. खिडकीसमोरच टाकी होती. तिथल्या खिळ्यावर लटकलेल्या शर्टाच्या खिशात फोन वाजू लागला. 

आम्ही धावलो. खाली कोपऱ्यात, गाळात माधव पडला होता. हालचाल नाही. सुपरवायझरनं शिडीवर पाय टाकला, तशी तिनं मागून त्याची कॉलर धरली.

"खाली गॅस असेल! तुम्हीही पडाल. आधी हवा सोडा!"

ब्लोअर आला. तोंडाला हवेचा मास्क लावून, कमरेला दोर बांधून एकजण उतरला. ती कॉलर न सोडता ओरडत होती, "माधवभाऊ! आवाज द्या, भाऊ!"  ब्लोअरची घरघर तेवढी.

वर उन्हात आणून निजवल्यावर बऱ्याच वेळानं माधव खोकला. तेव्हा कुठं तिची मूठ सुटली. कॉलर फाटली होती.

माधवला दवाखान्यात नेलं. ती टेबलापाशी परतली, कीबोर्ड तिनं माझ्याकडे सरकवला. "तुम्ही भरा," ती मला म्हणाली. मी वेळ टाकली. फाइल बंद झाली. मग ती ओढणी तोंडाला लावून रडली आणि आम्ही सगळे आपापल्या पडद्यात काहीतरी शोधत राहिलो.

माधव वाचला, हल्ली पॅकिंगला असतो. पुढं तिच्या नवऱ्यानं लूम सोडली आणि ती गावी गेली. तिच्या जागी आलेल्या मुलीनं परवा विचारलं, "सर, हा मॅक्रो काढू? फार नाटकं करतो."

"एने अडशो नहीं, त्याला हात नका लावू," बाजूलाच बसलेला सुपरवायझर एवढंच म्हणाला आणि उठून बाहेर गेला. टाकीची सफाई संपत आली होती. खिडकीतून मला तो दिसला: टाकीच्या तोंडाशी वाकून, वर येणाऱ्या एकेकाचा हात धरून बाहेर घेताना.