फॉस्फेटच्या बरणीतले तांदूळ

पाण्यात पाणी मिसळत नाही, असं मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईला वाटलं, शिकून शिकून माझं डोकं फिरलंय. पण तसं होतं खरं. एका बाटलीत पॉलिमरचं पाणी, दुसरीत क्षाराचं, दोन्ही स्वच्छ. थोडं थोडं एकत्र केलं तर गुण्यागोविंदानं नांदतात. क्षार एका हद्दीपलीकडे गेला की द्रावण एकाएकी दुधाळ होतं आणि काही वेळानं नळीत दोन थर दिसतात. दोन्हींत जास्त करून पाणीच. क्षार पाण्याला आपल्याकडे ओढून धरतो. पॉलिमरच्या लांबलचक रेणूला मिसळून राहण्यात तसाही फारसा फायदा नसतो, मग तो वेगळी चूल मांडतो. ही हद्द कुठल्या तापमानाला कुठे येते, ते शोधणं हा माझा पीएचडीचा विषय.

काम कंटाळवाणं. थेंब थेंब क्षार सोडायचा, दुधाळ दिसलं की थांबून वजन करायचं, पाणी घालून पुन्हा स्वच्छ करायचं, पुन्हा थेंब. अख्खा पावसाळा मी तेच केलं. आलेखावर या हद्दीची माझी रेषा छापील तक्त्याच्या बरीच खाली आली. म्हणजे माझं द्रावण फारच कमी क्षारात दुधाळ होत होतं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, डोळे थकलेत तुझे, तक्त्याप्रमाणे रेषा काढ आणि दिवाळीआधी प्रबंध दे. मी म्हटलं, मला जे दिसलं तेच लिहिणार. विभागात सगळ्यांनी मला शहाणी म्हणून घेतलं. म्हणू देत. थेंब मी मोजले होते, तक्त्यानं नाही.

भाद्रपदात एके दुपारी लख्ख ऊन पडलं. खिडकीतली क्षाराची बाटली सहज उचलली, तर आत हलका धुरकटपणा. त्यात तर पॉलिमरचा थेंबही नव्हता. पावसाळी अंधारात हे कधी दिसलंच नव्हतं. द्रावण गाळलं, कागदावर पांढुरकं काहीतरी उरलं. त्यावर आयोडीन सोडलं आणि कागद निळाकाळा झाला.

पिष्ट. तांदळाचं पीठ.

आमच्याकडच्या पावसात फॉस्फेटला, म्हणजे माझ्या क्षाराला, पाणी सुटून त्याचे खडे होतात. जूनमध्ये मी घरी कुरकुर केली तेव्हा आई म्हणाली होती, मिठाच्या बरणीत घालतो तसे तांदूळ घाल. मी मूठभर घातले, पुरचुंडीसुद्धा न बांधता. एमएस्सीला पहिल्या वर्गात आलेल्या बाईला सुचलं नाही, की तांदळाचं पीठ हेही पॉलिमरच. ज्या दुधाळपणावर मी थांबत होते, तो क्षारासोबत थेंबाथेंबानं आलेल्या तांदळाच्या पिठाचा होता; पाणी घातलं की तोही विरळ होऊन दिसेनासा व्हायचा. मला भयंकर लाज वाटली. पण सर तरी कुठे बरोबर होते? त्यांना तक्ता माहीत होता, तांदूळ नव्हते.

सरांना सांगितलं तर ते एकदम मवाळ झाले, म्हणाले, नवी बरणी फोड, मोजमापं पुन्हा कर, तांदळाचं नाव काढू नकोस, बाहेरचे परीक्षक हसतील. मी सगळं पुन्हा मोजलं आणि रेषा तक्त्यावर आली. मग प्रबंधात एक अख्खं पान तांदळावर लिहिलं. सर म्हणाले, हे पान असेल तर माझी सही मिळणार नाही. मी म्हटलं, मग सहीवाचून पडू दे. तीन आठवडे प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून होता. चौथ्या आठवड्यात त्यांनी सही केली.

तोंडी परीक्षेला आई कोडोलीहून आली, मागच्या बाकावर बसली. परीक्षक त्या पानाशी आले आणि खरंच हसले. ही कल्पना कुणाची, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तांदूळ मी घातले.

मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"मीच सांगितलंतं की," आई उभी राहून म्हणाली. "घरचं मीठ कोरडं ऱ्हातंय त्यानं. हितं चुकलं. पर पोरीनं लपवलं न्हाय, लिवलंय."

परीक्षकांचं हसू थांबलं. त्यांनी पान उलटलं नाही. तेच पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.