पपांना बिदरला न्यायचं ठरलं

आमच्या घरात सहल म्हणून कधी ठरलीच नाही. ठरायची ती लग्नं, बारशी, नाही तर कुणाचं तरी बारावं. देवाला गेलो तरी दुपारच्या जेवणाला घरी. त्यामुळे खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले पपा, नाकात ऑक्सिजनची नळी असताना, "बाय, म्हाका बिदराक व्हर गो" म्हणाले तेव्हा यांना भ्रम झाला असंच मला आधी वाटलं. आई स्वयंपाकघरातून ओला हात पदराला पुसत बाहेर आली. बिदर कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण घरापासून लांब आहे एवढं तिला पपांच्या तोंडावरूनच कळलं असावं.

पपा सुर्ल्याच्या बाजूला एका खाणीवर शोवेल चालवायचे. शोवेलच्या एका घासात आमची आख्खी न्हाणी मावली असती. मिशी फुटली तेव्हा ते त्या यंत्रावर चढले आणि खाणी बंद झाल्या तेव्हा उतरले. नंतर खोकला सुरू झाला. आधी आले-मध, मग गोळ्या, मग डिचोलीहून पणजी. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि फुफ्फुसात धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही, असं सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले की गणपतीची चवथ काढतील, पुढचं मी सांगत नाही. तेव्हापासून ऑक्सिजनचं मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत घरघरत असायचं, आणि आम्ही तिघंही त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलायला शिकलो.

बिदर आलं माझ्या मोबाइलमधून. ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या सहलीचा व्हिडिओ पाठवला होता. शहराखालून गेलेला पाण्याचा जुना बोगदा. किल्ल्याला आणि वस्तीला पाणी मिळावं म्हणून कोणे एके काळी माणसांनी हातांनी खोदलेला. मधूनमधून वर उघडणारी भोकं ठेवलेली, त्यांतून उजेडाचे खांब खाली उतरलेले, आणि पाण्यातून चपक-चपक चालणारे कुणाचे तरी पाय. पपांना विरंगुळा म्हणून मी तो दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"हो आमचोच चिरो मगे," ते म्हणाले.

खरंच, भिंती जांभ्याच्या होत्या. आमच्या घराच्या भिंतीसारख्याच तांबड्या, भोकाभोकांच्या. त्यावर हत्यारांचे घाव अजून दिसत होते. पपांनी ते कितीदा तरी पाहिलं. मग दम खात खात जे बोलले ते मी विसरणं शक्य नाही. "हांवें जल्मभर खणलें. खणलें आनी बार्जीत घालून धाडलें. थंय आतां कितें आसा? फोंड. उदकान भरिल्लो फोंड. ह्यांणी खणलें तें पळय, अजून आसा. म्हाका एकदां त्या फोंडांत उबो रावूंक जाय."

एवढंच त्यांना हवं होतं. खणून मागे पाण्याने भरलेल्या खड्ड्याशिवाय काही उरलेलं असेल अशा जागी एकदा उभं राहायचं. मरणाच्या दारातला माणूस सोनं मागत नव्हता, काशी मागत नव्हता, एक भुयार मागत होता. मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी कामाला लागले. माझं तसंच आहे, दुःख झालं की मी फोन करत सुटते.

गाडी ठरवली. शेजारचा ड्रायव्हर बेळगावकडचा. खाणीवर ट्रक चालवायला आलेला, इथंच राहिलेला, आता मोपाच्या विमानतळावर भाडी मारणारा. पपांना तो जुना ओळखायचा. "काका, तुमी नुस्तं बसा की. गादी घालून नेतो तुमाला," म्हणाला. चोर्ला घाटातून बेळगाव, तिथे त्याच्या बहिणीकडे मुक्काम, मग पुढे सावकाश. सिलिंडर कुठे भरून मिळेल, वाटेत मशीनला प्लग कुठे मिळेल, सगळं मी विचारून ठेवलं. बिदरच्या एका लॉजवाल्याला फोन लावून लिफ्ट आहे का, वीज गेली तर जनरेटर आहे का, असं विचारलं. तो घाबरला. पेशंटला घेऊन बिदरला कशाला येता, मोठी हॉस्पिटलं तर दुसरीकडे आहेत, असं त्याने मला हिंदीत समजावलं. बोगद्यात उतरायला पायऱ्या कशा आहेत म्हटल्यावर त्याला माझ्याच डोक्याची शंका आली असावी. शेवटी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, पायऱ्या आहेत, ओल्या असतात, धरून उतरायला हवं.

मग पपांनी सराव सुरू केला. आमच्या परसातल्या बावीला, पपांच्या भाषेत बांयला, अर्ध्यापर्यंत पायऱ्या आहेत, शेवाळलेल्या. मी त्यांना रबरी तळाचे नवे बूट आणले होते. ते घालून, छोटा सिलिंडर माझ्या खांद्यावर देऊन, ते संध्याकाळी एकेक पायरी उतरायचे. खाली जाऊन पाण्याकडे बघत उभे राहायचे आणि वर येताना ओठ जांभळे पडायचे. तरी खूश असायचे. आजारात ते खूश दिसले असतील तर तेवढेच दिवस. आई वर तुळशीजवळ उभी राहून बघायची. काही बोलायची नाही. तिची बोटं मात्र पदराचा काठ चुरगाळत असायची, आणि ते बघून माझं डोकं उठायचं. म्हटलं, हिला एक चांगलं बोलायला काय होतं?

बोलली ती निघायच्या आधीच्या आठवड्यात. "देवाक विचारून घेवया."

आमच्याकडे हे आहे. घर बांधायचं, सोयरीक करायची, लांबच्या प्रवासाला जायचं, तर ग्रामदेवाचा कौल घ्यायचा. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवीकडची पडली तर देवाची परवानगी. डावीकडची पडली, म्हणजे आमच्या बोलीत देवाने दावो दिला, तर विषय संपला. शिकलेसवरलेले लोकही या बाबतीत हूं की चूं करत नाहीत. मीही नाही केलं. पपांनी मात्र केलं.

"देवाक कित्याक?" ते म्हणाले. "डोंगर फोडूंक लागले तेन्ना लेगीत कौल घेतिल्लो. उजवोच दिल्लो देवान. नाल्ल हांवेंच फोडलो."

खाण उघडताना नारळ पपांनीच फोडला होता, हे आईलाही ठाऊक होतं. मी ऑफिसात, पपांना देवळापर्यंत जाणं जमेना, म्हणून ती एकटीच गेली. मी संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले तर दोघं समोरासमोर बसलेली. आई जमिनीकडे बघत म्हणाली, "दावो पडलो."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. देवाला बोलले, गुरवाला बोलले, आईला तर बोललेच. एका पाकळीसाठी तू त्यांना या खुर्चीत कुजवणार का, हेही बोलले. पपांना म्हटलं, चला, आपण जाऊ, मला कौलबिऊल माहीत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आईच्या प्रत्येक उपासतापासाची थट्टा केली, तो माझ्या बाजूने उभा राहील अशी माझी खात्री होती. ते दोन दिवस थांब म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी मी घरी पोचले तेव्हा ते आईबरोबर बावीकडून वर येत होते. त्यांनी बूट काढले, पुसले, खोक्यात ठेवले. "राव दी गो बाय," म्हणाले. "देव ना म्हणटा न्हय."

माझा त्या क्षणी त्यांच्यावरचाही विश्वास उडाला. वाटलं, मरण जवळ आलं की सगळेच भित्रे होतात. ड्रायव्हरला नको म्हणून कळवलं. लॉजवाल्याला कळवलं, तो सुटल्यासारखा हसला.

पुढचे महिने ते त्याच खुर्चीत होते. संध्याकाळी मी आले की म्हणायचे, "लाय गो तें." मी व्हिडिओ लावायचे. व्हिडिओ संपला की, "परत लाय." मनात चरफडत मी परत लावायचे, कारण उभं राहण्याऐवजी बघण्यावर समाधान मानणारे पपा मला बघवत नव्हते. आई त्या वेळी हमखास खोलीतून उठून जायची. कधी पदेराची, पाववाल्याची, हाक आली म्हणून, कधी नुसतीच. बाकी सगळा दिवस ती त्यांच्या पायाशी बसलेली असायची. पेज भरवायची, पाठ चोळायची, आणि दोघं हळू आवाजात, मशीनखाली दबून जाईल असं, काहीतरी बोलत असायची. चवथीच्या आधीच ते गेले. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची वेळ आमच्यावर आलीच नाही.

सुतक फिटलं तरी मी देवळात गेले नाही. राग होता. वर्ष होत आलं तेव्हा आईने तेलाची बाटली देऊन पाठवलं म्हणून गेले. गुरवाने तीर्थ दिलं, पपांसाठी दोन शब्द बोलला, आणि सहज विचारलं, "बिदराक व्हेलेले मगे तांका? देवान कसो बरो उजवो दिल्लो. अशी झट्ट करून पाकळी पडली."

मी तीर्थाचा हात डोक्याला पुसला आणि घरी चालत आले. वाटेत दोन खनिजाचे ट्रक गेले. ते परत सुरू झालेत आता. धूळ उडाली, मी पदर नाकाला लावला नाही.

आई अंगणात चटईवर कोकमाची सोलं वाळत घालत होती. हात लालभडक. मी उभ्याउभ्याच विचारलं, उजवा पडला होता ना? तिने मान वर केली नाही. हो म्हणाली.

"पपांना फसवलंस तू."

"तांका खबर आशिल्लें," ती म्हणाली. "दुसऱ्या दिसा बांयचेर विचारलें म्हाका, खरें सांग गो. हांवें सांगलें. उजवो. म्हळें, वाटेर तुमकां कितें जालें जाल्यार हांव कितें करूं? मागीर म्हाका विचारलें, तुका हांव घरांत जाय? हांवें हय म्हळें." ती एका सोलाची घडी उलगडत राहिली. "कितलीं वर्सां संसार केलो, अशें केन्नाच विचारिल्लें ना. मागीर म्हणाले, बायक सांगूं नाका, तें हट्टान गाडी घेवन येतलें."

मला सांगायचं नाही, असं पपाच म्हणाले होते. ज्याला मी भित्रेपणा समजले तो त्यांचा शेवटचा निर्णय होता, आणि त्यात मी नव्हते. त्यांनी भुयार सोडलं ते देवासाठी नव्हे, आईला ते घरात हवे होते म्हणून. आणि मी मात्र महिनोन्महिने त्यांच्यासमोर तोंड वाकडं करून फोन धरून बसले होते. आईला काय काय बोलायचं होतं, सगळं तोंडापर्यंत आलं. तिच्या बाजूने मला समजत होतं, पपांच्या बाजूनेही समजत होतं, आणि तरी राग जात नव्हता. अजूनही पुरता गेलेला नाही.

"दाखय म्हाका तें," आई म्हणाली. "हांवें पळोवंकच ना."

लाल हात तसेच वर धरून ती बसली आणि मी फोन तिच्यासमोर धरला. पाय पाण्यातून चालत गेले. तांबड्या भिंती आल्या, घाव आले, वरच्या भोकांतून उतरलेला उजेड आला. आई पापणी न लववता बघत होती. व्हिडिओ संपला. मग अगदी लहान आवाजात तिने विचारलं, "थंय तांका श्वास घेवंक मेळटालो गो?"

बोगद्याला वरून भोकं आहेत. बाराही महिने गार, स्वच्छ वारा उतरतो, असं मैत्रीण म्हणाली होती. आमच्या घरापेक्षा चांगला. नाही म्हणून मला खोटं बोलता आलं असतं.

"मेळटालो," मी म्हटलं.