ह्यांची लाडकी संख्या

आमचे हे हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झाले, पण गणितानं काही त्यांना सोडलं नाही. त्यांची एक लाडकी संख्या होती. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. संध्याकाळी गवळी समोरच म्हशी पिळून देतात त्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेलो, की हे शेजारी पेला घेऊन उभ्या असलेल्या कुणालाही धरायचे.

"पावणं, हिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात न्हाई. आता उजवीकडचा एक आकडा पुसा. उरलेलीला पण जात न्हाई! आणखी एक पुसा. तरी न्हाई! पुसत पुसत नुसता सात उरला, तरी कुणाची टाप न्हाई भाग घालायची. आणि असली हिच्यापेक्षा मोठी अख्ख्या जगात दुसरी न्हाई बघा."

पावण्याच्या मिशीवर फेस तसाच. मी म्हणायची, "अहो, दूध पिऊ द्या की त्या माणसाला!" एवढ्या कौतुकानं माझ्याबद्दल कधी कुणाला सांगितलं नाही ह्यांनी. जळायची मी त्या संख्येवर, खरं सांगते.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बोलणं परत येईल किंवा येणारही नाही. तुम्ही मात्र बोलत राहा." मग काय, मी बोलतच सुटले. शेजारणीच्या भांडणापासनं तांबड्या रश्श्यापर्यंत सगळं बोलून झालं. हे आपले भिंतीकडं बघत पडलेले. माझं जरा चुकलं की घर डोक्यावर घेणारा हा माणूस आता माझ्यावर कधी ओरडायचाच नाही, असं मनात आलं की मी आणखी मोठ्यानं बोलायची.

एका सकाळी बोलायला काहीच सुचेना, म्हणून मी ती संख्या म्हटली. ह्यांची मान वळली. अगं बाई! मला हुरूप आला. "आता एक आकडा पुसते हां," म्हटलं, आणि पुढचे सात कोटीच उडवले. "राहिले एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ह्याला कुणाचा भाग जात न्हाई!"

मी डावीकडनं पुसला होता. उजवीकडनं पुसायचा असतो, हे इतक्या वर्षांत हजारदा ऐकूनसुद्धा.

ह्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. डावा हात गादीवर आपटला, तोंड वेडंवाकडं झालं. दुसरा झटका आला म्हणून मी फोनकडं धावले, तोच मागनं आवाज आला.

"अ... अक... अकरा!"

"काय? काय पाहिजे?"

"अकरा! जातो... अकरानं!"

भाग जातो म्हणे अकरानं. माझी चूक काढत होते. मी तिथंच त्यांच्या पायाशी बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. "व्हय, चुकलं की माझं! लई चुकलं! वरडा, अजून वरडा!"