दोन कुलपांची पेटी

दत्ताराम गुरुजींनी संजनाला प्रथम पाहिलं ते कणकवलीच्या प्रशिक्षणात, २००६ साली. संगणक शिकवायचा कसा ते सांगायला बाई येणार म्हणून शिक्षक जमले होते, आणि बाईंनी पिशवीतून काढली ती पत्र्याची पेटी नि दोन कुलपं. मागून कुणीतरी टोमणा मारला, "बाईनू, कॉम्प्युटर खंय आसा?" वीज येईपर्यंत पोरांनी थांबायचं का, एवढंच तिने शांतपणे विचारलं.

मग तिने खेळ मांडला. पाठवणाऱ्याने पेटीला आपलं कुलूप घालायचं. घेणाऱ्याने शेजारी स्वतःचंही घालून पेटी परत धाडायची. पहिल्याने आपलं काढून ती पुन्हा पाठवायची, की दुसऱ्याने आपलं उघडायचं. ज्याची चावी त्याच्याजवळच राहते, मधल्याला आत डोकावता येत नाही. संगणकांतली गुपितंही अशीच राखता येतात, असं ती म्हणाली. खेळात घेणारे झालेल्या गुरुजींनी आपली चावी तिच्यापुढे धरली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "माका सुद्धा देव नकात, गुरुजी."

तिचा नवरा लवू मासेमारीच्या होडीवर. त्याला या खेळाचं भारी कौतुक. एका सकाळी बंदरावरून त्याने आई हौसाबाईच्या हाती एक कुलूपबंद पेटी घरी पाठवली. संजनाने हसत आपलं कुलूप चढवलं आणि पेटी परत दिली. या वयात माझा पोस्टमन केला, असं कुरकुरत म्हातारी पुन्हा किनाऱ्यावर गेली, तोवर होडी पाण्यात लोटली होती. लवू होडीतूनच म्हणाला, "ऱ्हवांदे गे आये, इल्यावर काढतंय." चावी त्याच्या करगोट्याला होती.

होडी परत आली नाही. लवूही सापडला नाही.

गुरुजी भेटायला गेले तेव्हा पेटी ओटीवर होती, शेजारी हातोडा. हौसाबाई म्हणाली, "तुमी तरी फोडा, गुरुजी. माझ्या झिलान काय ठेवल्यान ता माका बघूचा आसा."

संजना भिंतीला टेकून बसली होती. "चावी त्यांच्याकडे आसा," ती म्हणाली.

गुरुजींनी हातोडा उचलला, सुनेकडे पाहिलं आणि खाली ठेवला. म्हातारी त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. पुढच्याच वर्षी ती गेली, पेटीत काय होतं ते न कळताच. भावकीने त्यावरून संजनाला बोल लावले. तिने ते ऐकून घेतले.

संजना अजून मालवणच्या त्याच घरात राहते, एसटीने कसालच्या शाळेत जाते. कुलपांचा पाठ ती दुसऱ्या पेटीवर घेते. घरची पेटी फडताळात आहे. खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून ती दोन्ही कुलपांत अधूनमधून खोबरेल सोडते.