लिंबू रंगाचा फेटा

देशातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगची फायनल कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाने मारुतीच्या देवळासमोर पडदा लावून पाहिली. त्या गर्दीत फुटबॉलमधलं काही कळणारं माणूस मी एकटी होते. मीही शिकले ती धाकट्या भावापायी. त्या फायनलमध्ये एका संघाच्या गोलात तो उभा होता.

आमचं गाव कुस्तीचं आणि पलटणीचं. उसाच्या फडापलीकडे कुणी कशाचा विचार केलाच तर या दोन गोष्टींचा. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोन्ही केल्या होत्या. आधी तालीम, मग पलटण. हवालदार होऊन घरी आले ते मिशा आणि हुकूम दोन्ही घेऊन. भाऊ अंगाने भरायला लागला तसं त्यांनी त्याला लष्कराच्या मुलांच्या क्रीडा तुकडीत नेऊन घातलं, कुस्तीसाठी. तिथल्या साहेबाने पोराची उंची पाहिली, पंजे पाहिले, आणि त्याला गोलात उभं केलं. ही बातमी घरी आली तेव्हा आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेले. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, "धा जणं पळत्यात आन् ह्यो आपला खांबाची राखण करतोय. ह्याला काय खेळ म्हनायचं?"

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. कुस्ती जिंकून आलेला पैलवान वेशीतून येतो. हलगी वाजते, गुलाल पडतो, आणि त्याचा बाप किंवा वस्ताद वेशीत त्याला फेटा बांधतो. हरलेला मात्र वेशीत येत नाही. तो अलीकडच्या थांब्यावर उतरतो, कॅनॉलच्या कडेने उसातून येतो आणि मागच्या दाराने घरात शिरतो. त्या वाटेवर कुणी भेटलंच तर तोंड फिरवून बांधावरचं गवत बघतं. हे हिणवायला नाही. हरलेल्याला कुणाला तोंड द्यावं लागू नये, एवढीच त्यातली माया. मला लहानपणी ही रीत फार थोर वाटायची. आता तिच्या नावाने बोटं मोडावीशी वाटतात.

आबांना त्यांच्या वडिलांनी वेशीत बांधलेला फेटा आमच्याकडे होता. लिंबू रंगाचा. पलटणीच्या काळ्या ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून ठेवलेला. माझ्या लग्नात नवऱ्याला बांधायला मागितला, तर आबा म्हणाले, "जावयबापूंनी कंची कुस्ती मारलीया?" भावाला ते दर सुट्टीला एकच सांगायचे, "काय तरी जिंकून ये. वेशीत बांधतो."

भाऊ शिकला, लष्कराच्या संघातून खेळला, मग एका व्यावसायिक क्लबने त्याला उचललं, मग दुसऱ्याने. टीव्हीवर दिसायला लागला. आबा मात्र त्याची मॅच कधी बघायला बसले नाहीत. आई लावायची, तेव्हा हे अंगणात पाठ करून बसायचे आणि मध्येच विचारायचे, "संपलं का त्येंचं?" आणि भावाच्या नशिबी करंडक काही लागेना. कधी संघ मधेच गारद व्हायचा, कधी उपांत्य फेरीत. दर हंगाम संपला की तो अलीकडच्या थांब्यावर उतरायचा आणि कॅनॉलवरून यायचा. आधी ती थट्टा होती. मागच्या दारातून मोठ्याने ओरडायचा, "आई, पडलेला पैलवान आलाय, भाकरी हाय का?" आई हसायची. पुढेपुढे तो ओरडायचा बंद झाला, पण वाट तीच राहिली.

फायनलच्या आदल्या आठवड्यात त्याने मला सांगलीला फोन केला. गुडघा संपला होता. क्लबने पुढचा करार नाही म्हणून सांगितलं होतं. "आक्का, ही शेवटचीच," तो म्हणाला. "आबांना सांगू नगंस. पर ह्या टायमाला वेशीतनं येतो बघ." मी त्याला ये म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला डबा करून ठेवला आणि माहेरची एसटी धरली.

घरी पोचले तर आबा ट्रंक उघडून बसलेले. फेटा बाहेर काढून मांडीवर घेतला होता आणि त्याच्या घड्या हाताने सारख्या करत होते. मी बघितलं तसे ओशाळले. "कसर लागली का बघतोय," म्हणाले. मी म्हटलं, "आबा, डांबरगोळ्यांच्या वासानं माणसं पळत्यात, कसर कशाला लागतीया?" ते हसले. माझ्या आठवणीत फुटबॉलच्या विषयावरून हसलेले तेवढेच.

गावाने पडदा लावला तो गणेश मंडळाचा. गुलाल सरपंचाच्या निवडणुकीतून उरलेला. हलगीवाले आधीच येऊन हलग्या शेकत बसले होते. सामना कोलकात्याला, आणि इथे पारावर, बाजेवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं बसलेली. आबांना पुढची खुर्ची दिली होती. ते फेटा मांडीवर ठेवून ताठ बसले. आयुष्यात पहिल्यांदा पोराचा खेळ बघत होते. दर थोड्या वेळाने मला विचारत, "आपला जितत आला का?" मी म्हणायची, "बरोबरी हाय, आबा." भावाने एकदा डावीकडे झेप घेऊन वरचा चेंडू बाहेर ढकलला, तेव्हा आबा खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला, "ढाक!" तो कुस्तीतला डाव आहे. त्यांच्याकडे कौतुकाला दुसरा शब्दच नव्हता.

जादा वेळ संपला तरी बरोबरीच राहिली. आता एकेकाने येऊन पेनल्टी मारायची. मी आबांना आणि आजूबाजूच्या दहाएक डोक्यांना समजावून सांगितलं, की आता तो एकटा आणि मारणारा एकटा. सगळ्यांना ते फार आवडलं. दोघांतली लढत त्यांना कळत होती. आपल्या पोरांनी एकही चुकवली नाही. त्यांच्या शेवटच्या गड्याची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "ही अडवली की करंडक आपला."

भावाने ती अडवली. उजवीकडे पूर्ण आडवा होऊन, दोन्ही पंजांनी.

आबा उठले. आमच्याकडे गुलालाची पहिली मूठ जाणत्याने टाकायची असते, त्याशिवाय दुसरं कुणी हात घालत नाही. आबांनी घमेल्यात हात घातला आणि मूठ वर उधळली. मग सगळं घमेलंच हवेत गेलं. हलगी कडाडली. आबांच्या दुसऱ्या हातात फेटा होता, तो गुलालाने माखला. ते रडत होते. "माजा हाय त्यो," एवढंच म्हणत होते, कुणालाही, समोर येईल त्याला.

मी पडद्याकडे पाहिलं. पंच हात हलवत होता. चेंडू मारायच्या आधीच भावाचे दोन्ही पाय रेषेच्या पुढे आले होते. पेनल्टी पुन्हा मारायची होती.

हलगी थांबवायला वेळ लागला. आबांनी मला विचारलं, "म्हंजी?" मी सांगितलं. त्यांना पटेना. "त्या गड्याची पाठ लागली की गं! समद्यांनी बघितली. पाठ लागल्यावर पुन्यांदा कसली कुस्ती?" ते पडद्याशी जाऊन पंचाला सांगायला लागले. कुणीतरी त्यांना हाताला धरून मागे आणलं. दुसऱ्या वेळी चेंडू वरच्या कोपऱ्यातून गोलात गेला, पुन्हा बरोबरी. पुढच्या फेरीत आपल्या गड्याने बारवरून मारला, आणि त्यांच्याने गोलात. संपलं. देवळासमोर सगळी माणसं गुलालाने लाल होऊन गप्प उभी होती. इतकं वाईट दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

वाटेत एक म्हातारा बोलून गेला, "आदी उधळला, म्हनून ग्येली." मी त्याला चार शब्द सुनावले, पण बाण लागायचा तिथे लागला होता. आबा घरी येऊन अंगणात बसले. अंगावरचा गुलाल धुवेनात. "म्या पाडला त्येला," म्हणाले. मी परोपरीने सांगितलं की कोलकात्याला तुमची मूठ दिसली नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मानलं नाही.

भाऊ परवा येतो असा निरोप आला. त्या दिवशी आबा सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचं धोतर नेसून, फेटा काखेत मारून निघाले. मी मागे गेले. वेशीतल्या पारावर, मारुतीकडे तोंड करून बसले. "आबा, इथं कशाला?" मी विचारलं.

"पोरगं यील न्हवं."

"आवं पर हरलेला..."

"गप बस. रीत आमीच क्येली, आमीच मोडू."

ऊन चढलं. एसटी आली, गेली. दुसरी आली. येणारे-जाणारे आम्हाला बघून मान खाली घालत होते. मग आईचा फोन आला. तो आला होता. कॅनॉलवरून, मागच्या दाराने. दुसरी वाट त्याला ठाऊकच नव्हती, कारण दुसरी आबांनी त्याला शिकवलीच नव्हती.

आम्ही घरी गेलो. आबा त्या वयात जवळजवळ धावत होते. भाऊ मागच्या पायरीवर बसला होता, पुढ्यात भाकरीचं ताट तसंच. आबांनी फेटा उलगडायला सुरुवात केली. भाऊ उठला, आबांच्या पाया पडला, आणि त्यांचे हात धरून फेटा पुन्हा गुंडाळला.

"न्हाई आबा," तो म्हणाला. "हरलेल्याला बांधत न्हाईत. तुमीच सांगितलंय."

एका शब्दात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, आबा त्याच्यावर ओरडले असते आणि ओरडून बांधला असता. ते मग आत गेले, आणि ट्रंकेचं झाकण पडल्याचा आवाज आला. भावाला मेढ्याकडच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी लागली. सुट्टीला यायचा तो मागूनच. दोघं जेवायला शेजारी बसायचे, उसाला पाणी कधी सोडायचं ते बोलायचे. फेट्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी आबा गेले. झोपेतच गेले.

तेराव्याला मामा दुखवट्याचा टॉवेल-टोपी घेऊन आला. आमच्याकडे त्या दिवशी मामाने पोराच्या डोक्याला काहीतरी बांधायचं असतं, मग चार माणसं त्याला मारुतीला नेऊन आणतात. आई आत गेली आणि लिंबू रंगाचा फेटा घेऊन आली. त्यावर गुलालाचे डाग तसेच होते. आबांनी कुणाला धुवू दिला नव्हता. "ह्यो बांध," ती मामाला म्हणाली.

भावाने फेट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. त्या दिवशी नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने मान खाली घातली.

आम्ही त्याला मारुतीला नेलं. हलगी नाही, गुलाल नाही, पायांचा आवाज तेवढा. दर्शन झाल्यावर तो वेशीत थांबला आणि मला म्हणाला, "आक्का, त्या दिवशी आबा कुठं बसलं हुतं?"

मी पारावरची जागा दाखवली. तो तिथे जाऊन बसला, फेटा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, आणि सगळ्या गावादेखत रडला. कुणीच तोंड फिरवलं नाही.