डोळ्याचा सव्वा महिना

झरीहून मनीषाचा फोन आला तेव्हा मी डहाणू रोडला भाजी घेत होतो. "काका, आजी गेली…" एवढंच ती बोलू शकली. मनीषा म्हणजे सोनूआत्याची नातसून. आत्याला रात्रीपासून ताप होता, आणि सकाळी तलासरीला न्यायला गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आत्याने उभं आयुष्य झरीतल्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घातलं. सव्वा महिना बाळंतिणीला उंबरा ओलांडू द्यायची नाही की गार पाण्यात हात घालू द्यायची नाही. तिच्यापुढे भल्याभल्या सासवा गप्प बसत. २०१७च्या दिवाळीनंतर मी तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. डॉक्टर म्हणाले, "डोळा स्थिरावू दे आजी, महिना-सव्वा महिन्याने चष्म्याचा नंबर काढू." सव्वा महिना म्हटल्यावर आत्या खूश! या डॉक्टरला अक्कल आहे, असं तिने वाटभर मला ऐकवलं.

त्याच सुमारास मनीषाला मुलगा झाला. आत्याला लांबचं आता लख्ख दिसे, समोरच्या टेकडीवरची गुरंसुद्धा. जवळचं मात्र सगळं पुसट. पाणी उडेल म्हणून बाळाला न्हाऊ घालायलाही बंदी. जिने अर्ध्या गावाची नाकं चोळून सरळ केली, तिला मांडीवरच्या पणतवाचं नाक दिसेना. मी म्हणालो, "तलासरीच्या बाजारात तयार चष्मे मिळतात. तेवढ्यापुरता एक आणू?" उसळलीच. "येडा का रं तू? बालंतिनीला कोन भाताच्या आवनीला चिखलात धाडतं? डोला नासवशील माझा!"

मग तोडही तिनेच काढली. शेजारणीने बाळाला आंघोळ घातली की मनीषाने त्याला घेऊन दाराच्या उजेडात, पण उंबऱ्याच्या आत, आतल्या भिंतीलगतच्या आत्याच्या खाटेकडे त्याचं तोंड करून उभं राहायचं. "आता दिसतो… आज्यावर गेलाय गो," आत्या म्हणायची. जवळ घेतला की पुन्हा पुसट. तिला भरून यायचं, आणि डोळा पुसायचीही सोय नव्हती.

सव्वा महिना भरायच्या आतच ती गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी डॉक्टरांना कळवायला गेलो. ते हळहळले. बोलता बोलता चष्म्याचा विषय निघाला. "अहो, नंबर पक्का व्हायला वेळ लागतो म्हणून कायमचा चष्मा नंतर देतो. तोवर तयार चष्मा लावला असता तरी डोळ्याला काही झालं नसतं." राग कुणावर काढायचा तेच कळेना, आणि आता काढून तरी काय उपयोग होता?

पुढच्या आठवड्यात झरीला गेलो. खाट तिथेच होती, गोधडी गुंडाळून ठेवलेली. मनीषाने बाळाला आंघोळ घातली, अंग पुसलं, गालाला तीट लावली आणि त्याला घेऊन सरळ दारात गेली. खाटेकडे वळली, त्याची मान सावरून तोंड पुढे केलं… मग तिच्या लक्षात आलं. तरी ती तशीच उभी राहिली.