तीन पुरणपोळ्या आणि घोडीचं पोट

आमच्या शेजारणीच्या वडिलांइतका, माणसाला घोडा समजून तपासणारा गृहस्थ अख्ख्या नेदरलँड्समध्ये दुसरा नसेल. जन्मभर फलटणकडे घोड्यांची डॉक्टरकी केलेले हे काका तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्मेरेला आले, विमानं बंद झाली आणि ते इथेच अडकले. काकू मात्र गावीच. "दोघांनी येऊन कसं चालेल? म्हाताऱ्या घोडीपाशी कोण?" असं ते सहज सांगत.

जावयाला ताप आला तेव्हा घरचे कोविड टेस्टच्या रिझल्टची वाट पाहत होते. काकांनी सरळ त्याचा ओठ वर करून हिरड्यांचा रंग पाहिला आणि "पाणी पितोय का?" असं त्याला नाही, लेकीला विचारलं. मलाही रोज सकाळी दीड मीटरवरून पोट साफ झालं का, ही विचारणा असेच. घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं, हे मी इतक्यांदा ऐकलं की जेवताना मलाच धास्ती वाटायची. कालव्यापलीकडच्या कुरणात कुणी घोड्यांना पाव घालताना दिसलं की हे कुंपणापाशी हजर. एकदा तिथल्या तट्टाचं खूर हाताला गरम लागलं (गवत जास्त झालं की खुरं आतून सुजतात म्हणे), तर मालकिणीला म्हणाले, "मॅडम, टू मच ग्रास! डॉक्टर, टुडे!" तिने ऐकलं, तट्टू वाचलं आणि काकांना चीजचा भलामोठा गोळा मिळाला.

गावी व्हिडिओ कॉल लावला की आधी लीद, मग पाणी, मग खुरं. काकूंची पाळी येईपर्यंत नेट गेलेलं असायचं.

काकांच्या पंच्याहत्तरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात लांब लांब बसून चहा घेत होतो, तेव्हा काकूंचाच फोन आला. घोडी सारखी पोटाकडे वळून बघतेय, पाय आपटतेय, लीद टाकलेली नाही. काका ताडकन उठले. "वैरण उचल. डॉक्टरांना बोलाव. आणि फोन तिच्या कुशीला लाव!" कानाशी फोन धरून ते डोळे मिटून उभे राहिले. "आतडं बोलत नाही गं. काय घातलंस तिला?"

काकूंना हुंदका आवरेना. "काल वाढदिवस ना तुमचा. पुरण घातलं होतं. तुमच्या वाटणीच्या तीन पोळ्या तिला दिल्या."

आता आभाळ कोसळणार, असं मला वाटलं. काका नुसते खुर्चीत बसले.

गावच्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं. दोनेक तासांनी फोनमधून गुडगुड ऐकू आली आणि मग लीद पडली. काकूंनी विचारलं, "ठेवू आता?"

"नको. तू जेवलीस का?"

काकू हळूच म्हणाल्या, "नाही अजून."

"मग वाढून घे. व्हिडिओ लावून फोन समोर ठेव. मी बसतो."

आम्ही कप उचलून आत गेलो. काचेतून दिसत होतं, फोनच्या पडद्यावर काकू सावकाश जेवत होत्या आणि काका त्यांचा एकेक घास बघत होते.